पाठवायचं की ठेवायचं?

(नाशिक येथे गोदाकाठी दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



नाशकात कुणी 'घाट' म्हणालं की समोरचा विचारतो, कुठला? एक हा, ज्याच्या पायऱ्यांजवळ आपण बसलो आहोत. दुसरा पेठ रस्त्यावरचा सावळघाट, त्यापुढचा कोटंबीचा, कळवण-सुरगाण्याच्या बाजूचे आणखी दोन-चार. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्या डॉक्टरकाकांचं एक वाक्य जुन्या मंडळींना आठवत असेल. ते म्हणायचे, "तो घाट वेळेत चढला नाही, की या घाटावर यावं लागतं." ऐकणारे हसायचे. मीही हसलो होतो. तेव्हा मी एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मला सगळं येत होतं.

डॉक्टरकाका एल.सी.पी.एस. होते. आज ही अक्षरं फक्त जुन्या दवाखान्यांच्या पुसट पाट्यांवर दिसतात. पदवीपेक्षा कमी मुदतीचं शिक्षण घेऊन हे लायसेन्शिएट डॉक्टर तालुक्याच्या गावी जाऊन बसत. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, त्यात देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांची मोजदाद आहे : पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. म्हणजे दर आठांतले पाच डॉक्टर हे काकांच्या जातकुळीचे. समितीनं सांगितलं, हे अभ्यासक्रम बंद करा, देशात एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करा. त्यामागचा हेतू स्वच्छ होता. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का म्हणून मिळावा? समितीतल्या काही सदस्यांनी मात्र विरोध नोंदवला. आहेत ते बंद केले तर खेड्यात जाणार कोण, असा त्यांचा सवाल होता. त्याचं उत्तर आपण गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षं शोधतो आहोत.

मी आज त्या प्रश्नाच्या एका कोपऱ्याबद्दल बोलणार आहे. डोंगरात डॉक्टर कसे पाठवायचे, यावर पुष्कळ बोललं जातं : बंधपत्र, दंड, भत्ता, निवासस्थान. तिथल्या डॉक्टरला नेमकं काय यावं लागतं आणि ते त्याला शिकवायचं कुणी, कुठं, यावर फार कमी बोललं जातं. माझं म्हणणं थोडक्यात असं : डोंगरातल्या फॅमिली डॉक्टरचं मुख्य कौशल्य एकच. पेशंटला पुढं पाठवायचं की इथंच ठेवायचं, हे ठरवणं. बाकी सगळं त्या निर्णयासाठी. आणि हा निर्णय शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शिकवता येत नाही, कारण तिथं तो आधीच कुणीतरी घेऊन टाकलेला असतो.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. एका बैलानं शिकवलं.

१९८६ च्या मे महिन्यात मी घाटापलीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झालो. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यातल्या चुका केंद्राच्या नव्हत्या, माझ्या होत्या. पंधराएक दिवसांत एक साठीचे बाबा आले. छातीत दुखतं, म्हणाले. डावीकडे. दम लागतो का? "लागतो थोडा." घाम? "उन्हाचा येतोच." केंद्रात ईसीजी नव्हता. माझ्या डोक्यात वॉर्डातले पेशंट फिरायला लागले, परीक्षेतले प्रश्न फिरायला लागले. मी चिठ्ठी लिहिली : हृदयविकाराची शंका, त्वरित पुढील उपचारांसाठी. जीप ठरली. बाबा घाट चढून नाशकात गेले.

जूनच्या शेवटी आठवडे बाजारात ते मला भेटले. खडखडीत. मी विचारलं, काय निघालं? म्हणाले, "छातीत काय नव्हतं साहेब. पट्टी काढली, चांगली आली. तीन दिवस ठेवलं न् सोडलं." मग जरा थांबून, तक्रारीचा सूर अजिबात न लावता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "बैल गेला एक."

जीपचं भाडं, तीन दिवसांचं राहणं-खाणं, औषधं, सोबत आलेल्या दोघांची बुडलेली मजुरी. जोडीतला एक बैल विकला होता. पाऊस सुरू झालेला, भाताची चिखलणी तोंडावर, आणि एका बैलानं चिखलणी होत नाही. शेजाऱ्याशी सावड करून त्यांनी वेळ मारून नेली.

माझ्या शिक्षकांपैकी कुणीही मला चूक म्हटलं नसतं. साठीचा माणूस, डाव्या छातीत दुखणं, ईसीजी नाही, तर पाठवणंच योग्य. पण त्या रात्री मला झोप आली नाही ती वेगळ्याच कारणानं. मी त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता : काल काय काम केलंत? एका बोटानं बरगडी दाबून बघितली नव्हती. बाजारात मी ते विचारलं. आदल्या दिवशी त्यांनी जंगलातून घराच्या आढ्यासाठी लाकूड खांद्यावर आणलं होतं. डाव्या.

या चुकीचा जो परिणाम झाला तो चुकीपेक्षाही वाईट. मी पाठवायला घाबरू लागलो.

जुलै उजाडला. आवणीचे दिवस. एके दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला एका तरुण बाईला तिच्या नवऱ्यानं आणलं. पोटात कळ येते, एक उलटी झाली. ताप नाही, पोट मऊ. रात्री भाकरीबरोबर काय खाल्लं वगैरे चौकशी केली, आम्लपित्ताचं इंजेक्शन दिलं आणि बाकावर पडून राहायला सांगितलं. पाऊस कोसळत होता, घाटात दरड आल्याची बातमी होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर बैल होता. मी ठेवलं.

सात वाजता सिस्टर ड्यूटीवर आल्या. त्या केंद्रावर त्यांची बारा वर्षं झाली होती. पदरानं तोंड पुसत त्या बाकाजवळून पुढं गेल्या, परत मागं आल्या, बाईकडे बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "साहेब, हिला जरा वर बघायला सांगा." मी सांगितलं. बाईनं मान वर केली, पापण्या मात्र वर आल्या नाहीत. अर्ध्यावर लोंबत राहिल्या. सिस्टरनी नवऱ्याला विचारलं, "रात्री निजली कुठं?" "खालीच. भुईवर." "पाणी गिळवतं का गं?" तिनं मान हलवली. नाही.

मण्यार. तिचे दात इतके बारीक की वण दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. रात्री भुईवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पहाटे पोटात कळ येते. मग पापण्या, मग घसा, मग श्वास. पुस्तकात हे सगळं होतं. मी वाचलंही होतं. पण पुस्तकात ते 'सर्पदंश' या मथळ्याखाली होतं आणि माझ्यासमोर ते 'पोटदुखी' या नावानं आलं होतं.

फ्रिजमध्ये प्रतिविषाच्या होत्या तेवढ्या कुप्या दिल्या. दरड बाजूला होईपर्यंत थांबलो, मग जीपमध्ये मी स्वतः बसलो. केंद्रातली एकुलती आंबू बॅग माझ्या हातात. घाटाच्या अर्ध्यावर तिचा श्वास उथळ झाला आणि तिथून नाशिकपर्यंत मी ती रबरी पिशवी दाबत राहिलो. ती वाचली. याचं श्रेय त्या दिवशी मला मिळालं, गावानं हार घातला. ते श्रेय सिस्टरचं होतं हे मी गावाला सांगितलं, पण ते त्यांना माझा विनय वाटला.

आता या दोन पेशंटना शेजारी ठेवून बघा. एकाला ठेवायला हवं होतं, मी पाठवलं. दुसरीला पाठवायला हवं होतं, मी ठेवलं. दोन्ही वेळा मला ज्ञान कमी पडलं नव्हतं. मला आजाराचा पहिला दिवस ओळखता येत नव्हता.

का येत नव्हता, याचं एक जुनं आणि फार साधं स्पष्टीकरण आहे. अमेरिकेतल्या केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक हिशोब मांडला. एक हजार प्रौढ माणसं घ्या. महिन्याभरात त्यांतल्या ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो एक. आकडे अमेरिकेतले आणि जुने आहेत, आपल्याकडे वेगळे निघतील, पण ही उतरंड आपणही ओळखतो. आपण डॉक्टर घडवतो ते त्या एका माणसाच्या उशाशी उभं करून. त्याचा आजार तोवर पिकलेला असतो, त्याला नाव मिळालेलं असतं, फाइल जाड झालेली असते. आणि मग त्या डॉक्टरला आपण उरलेल्या २४९ जणांसमोर बसवतो. त्यांचा आजार कोवळा असतो. त्याला अजून नाव नसतं. "अंगात कसर आहे", "जीव घाबरा होतो", "पोराचं पोट उडतंय" असं तो बोलतो.

'पोट उडतंय' हे शब्द घ्या. आई जेव्हा हे म्हणते तेव्हा तिनं निम्मं निदान केलेलं असतं. बाळाचं कुंची-दुपटं सोडायचं, ते रडत नसताना पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतलं असेल तर चाळीस किंवा जास्त : न्यूमोनिया धरून चालायचं. एक्स-रे लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच काम गावातल्या अल्पशिक्षित आरोग्यसेवकांच्या हाती दिलं, मोजणी चुकू नये म्हणून मण्यांचं साधं साधन दिलं. पुढं नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला होता. मला त्यातली शिकवणीची बाजू सर्वांत मोलाची वाटते. जिथं आजार होता तिथंच शाळा भरली.

दुसरं साधन त्याहून साधं. घोणस चावली तर रक्त गोठेनासं होतं. ते कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरडी काचेची परीक्षानळी घ्यायची, दोन मिलिलिटर रक्त त्यात घ्यायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त ओघळलं तर विष चढलंय. नळी प्लॅस्टिकची असली तर परीक्षा फसते, मध्येच हलवली तरी फसते. ती वीस मिनिटं नुसतं बसून राहणं ज्याला जमतं, तो डोंगरातला डॉक्टर झाला असं समजायला हरकत नाही. भोवती दहा-पंधरा माणसं उभी असतात, भगताला बोलवायचं का अशी कुजबुज चाललेली असते, जीपवाला हॉर्न देत असतो, आणि तुम्ही घड्याळाकडे बघत बसलेले असता.

डोंगरात ज्ञान नुसतं वापरलं जातं असं नाही, तयारही होतं. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशानं माणसं मरत होती आणि का मरतात हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. ते पेशंटच्या खाटेजवळ बसून राहिले, तासातासाच्या नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढं प्राझोसिन या रक्तदाबावरच्या गोळीनं विंचूदंशाचा उपचार त्यांनी बदलून टाकला. मेळघाटात बैरागडला गेलेले डॉ. रवींद्र कोल्हे तिथं काम करताना आपलं शिक्षण तोकडं पडतंय हे पाहून पुन्हा एम.डी.ला गेले आणि शिकून परत तिथंच आले. अशी माणसं मोठीच. पण बावस्कर बिरवाडीला शिकले ते एकट्यानं. शिकवायला कुणी नव्हतं. माझ्या नशिबानं मला सिस्टर होत्या. आपली व्यवस्था एखाद्याच्या नशिबावर आणि एखाद्याच्या असामान्यपणावर चालावी का, हा माझा प्रश्न आहे.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९७७ च्या सुमारास केंद्र सरकारनं प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडून देण्याची योजना आणली. गाड्या आल्या, विद्यार्थी त्यांतून गेले आणि संध्याकाळी त्याच गाड्यांतून परत आले. २०२२ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि त्यांच्याशी संबंध ठेवायचा असा नियम झाला आहे. चांगला आहे, फक्त ते गाव कॉलेजच्या कुंपणालगतचं नसावं. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यानं वर्षभर सरकारी सेवा करावी, हे बंधपत्रही आहे. वर्ष भरतं. पण ज्या वर्षात शिकवणारं कुणी नसतं ते वर्ष तरुण डॉक्टर दिवस मोजत काढतो, आणि मी जशा दोन महिन्यांत दोन्ही टोकांच्या चुका केल्या तशा तो करतो. फरक इतकाच की बहुतेकांना बाजारात बाबा भेटत नाहीत.

"आता जमाना बदलला," असं मला सांगतात. बदललाच आहे. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावते, रस्ते झाले, आशाताई आहेत. १९८६ मध्ये यातलं काहीही असतं तर मी देव पाण्यातून काढून कोरडे केले असते. पण १०८ ला फोन करायचा की नाही, हे अजून माणूसच ठरवतो. दरीतल्या पाड्यावर रेंज नसते. रस्त्यापर्यंत अजूनही डोली करून आणावं लागतं. आणि सगळ्यांनाच पुढं पाठवलं, तर सिव्हिलच्या जमिनीवर गाद्या टाकायची वेळ येते आणि तिथं खरोखर मरणाच्या दारात असलेल्याला कॉट मिळत नाही. न विचार करता रेफर करणं ही सावधगिरी वाटते. ती किंमत दुसऱ्याच्या खिशातून भरलेली असते.

बाहेर हे कसं करतात? नेपाळनं १९८२ साली काठमांडूत जनरल प्रॅक्टिसची पदव्युत्तर पदवी सुरू केली. डोंगरी जिल्ह्यात एकट्यानं सिझेरियन करेल, हाड बसवेल, मूल तपासेल असा डॉक्टर घडवायचा म्हणून. जपानमध्ये १९७२ साली स्थापन झालेलं जिची विद्यापीठ प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी घेतं, शिकवतं आणि त्यांना आपापल्या प्रांतात दुर्गम भागात काम करायला परत धाडतं. वेल्समधल्या खाणकामगारांच्या दरीत आयुष्य काढलेल्या ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं की चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथं सर्वांत जास्त, तिथं ती सर्वांत कमी मिळते. हा त्यांनी मांडलेला नियम त्या दरीतल्या ग्लिनकोरग गावचा. पेठ-सुरगाण्यात त्याला पुरावा मागायला कुणी येणार नाही.

आता नाशिकबद्दल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या शहरात आहे. राज्यातल्या ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग अशा बहुतेक पदव्यांवर त्याचा शिक्का असतो. ते कुठं आहे? म्हसरूळला, दिंडोरी-वणी रस्त्यावर. त्याच रस्त्यानं पुढं दिंडोरी लागते, जिथं राहून डॉ. शाम अष्टेकर यांनी गावातल्या आरोग्यसेवकांसाठी पुस्तकं लिहिली. मग वणी, सप्तशृंगीचा गड. मग बोरगाव, आणि मग सुरगाणा. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल पाडे. रस्ता सरळ विद्यापीठाच्या दारावरून जातो. वळणसुद्धा घ्यावं लागत नाही.

माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली : फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर जागा शहरातल्या रुग्णालयात न काढता पेठ, सुरगाणा, हरसूल इथल्या सरकारी दवाखान्यांत काढा, आणि शिकवणारा माणूस तिथं राहणारा असू दे. महिन्यातून एकदा येणारा पाहुणा नको. दुसरी : आदिवासी भागातले कितीतरी दवाखाने आणि भरारी पथकं आज बी.ए.एम.एस. डॉक्टर चालवतात. वीस-वीस वर्षं मुरलेली ही मंडळी आहेत. त्यांच्या अनुभवाला शिकवण्याचा दर्जा द्या आणि त्यांच्या शिक्षणाचीही सोय करा. तिसरी : डोंगरी भागात एका केंद्राखाली साधारण वीस हजार माणसं आणि एका उपकेंद्राखाली तीन हजार, असा निकष आहे. त्या तीन हजारांना नावानिशी ओळखणाऱ्या ए.एन.एम. आणि आशाताईंना शिक्षक म्हणून कागदावर आणा. मानधनासकट.

चौथी खरं तर मागणी नाही, माझी हौस आहे. या अभ्यासक्रमाची तोंडी परीक्षा कशी असावी हे मी ठरवून ठेवलंय. पहाटेचे पाच. पाऊस. घाटात दरड. बाकावर एक बाई, पोट धरून. तुमच्याकडे एक परीक्षानळी, थोड्या कुप्या, एक रबरी पिशवी. पाठवाल की ठेवाल? आणि समोर परीक्षक म्हणून बाहेरगावचे प्राध्यापक नकोत. बारा वर्षं एकाच केंद्रावर काढलेल्या एखाद्या सिस्टर असू देत, पदरानं तोंड पुसत नुकत्याच ड्यूटीवर आलेल्या.

तशी परीक्षा १९८६ साली असती तर मी नापास झालो असतो. पण मग सहा महिने त्यांच्या हाताखाली काढून पुन्हा बसलो असतो, आणि बाबांचा बैल कदाचित त्यांच्या गोठ्यात राहिला असता.